दौलूच्या पिकअपचं ॲव्हरेज

एका जंगलात म्हणे, एक रस्ता होता.

म्हणे अशासाठी, की रस्ता आहे असं सिंहमहाराजांच्या दरबारातून कळवण्यात आलं होतं. प्रत्यक्षात खड्डे होते, आणि एक खड्डा दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधे मधे थोडं डांबर होतं. त्या रस्त्यावर एकच मोटारगाडी धावायची. दौलू अस्वलाची पिकअप.

अस्वल गाडी कसं चालवतं, असं ज्यांना विचारायचंय त्या मुलांनी आत्ताच उठून आईकडे जावं. अस्वल लायसन्स काढून गाडी चालवतं. झालं समाधान? आता मधे बोलायचं नाही.

तर ही पिकअप जुनी होती. पेट्रोलवर चालणारी. तिचा मूळ रंग कुठला यावर जंगलात दोन मतं होती. तिचं एक दार आतून उघडत नसे आणि दुसरं बाहेरून. पण किल्ली अर्धी फिरवली की गाडी सुरू! थंडी असो, ऊन असो, ती कधी नाही म्हणाली नाही. आवाज तर इतका मऊ, की कडेला झोपलेला ससा कूससुद्धा बदलत नसे.

दौलू कड्यांवर चढून मध काढायचा. त्याची बायको चांगुणा तो गाळून डब्यांत भरायची. मग डबे पिकअपमध्ये टाकायचे, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायचा आणि राजधानी गाठायची. वर्षभर किरकोळ विक्री चालायची, पण खरी खेप एकच. महाराजांच्या राज्यारोहणाच्या वाढदिवसाची. त्या दिवशी दरबारात मोठी मेजवानी असे. काही प्रजेला जेवायला बोलावत आणि काही प्रजेला नुसतंच बोलावत. मध मात्र सगळ्या पंगतींना दौलूचा. गाडी काठोकाठ भरून.

त्या एका खेपेवर दौलूच्या घरची चूल वर्षभर पेटायची. खेप वेळेवर आणि पुरी पोचली, की दरबारचे कारभारी पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथल्या तिथे सांगून टाकत. कमी पडली, तर ऑर्डर दुसऱ्याला. दुसरा म्हणजे हिरामण रेडा. त्याची दोन चाकांची लाकडी गाडी होती, ती तो स्वतःच ओढायचा, आणि कित्येक वर्षं दौलूच्या ऑर्डरवर डोळा ठेवून बसला होता.

मुलांनो, एवढं लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल. तुम्ही तसेही विसरताच.

आता जंगलाच्या नाक्यावर साळिंदराची चहाची टपरी होती. तिथे गुंडूअण्णा तरस रोज बसलेले असायचे. अण्णांकडे गाडी नव्हती. सायकलही नव्हती. पण गाड्यांबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं बिचाऱ्या गाडीवाल्यांना कुठून ठाऊक असणार?

एक दिवस दौलू चहाला थांबला. अण्णांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि विचारलं, "दौलू, ॲव्हरेज किती देते रे तुझी?"

दौलूने याचा कधी विचारच केला नव्हता. गाडी जाते, येते. मध पोचतो. आणखी काय द्यायला हवं तिने?

"असेल की अण्णा. लिटरला सात. सात-आठ."

साळिंदराची किटली हवेतच थांबली.

"सात?" अण्णा म्हणाले. 'कधी गेले?' असं विचारतात ना, त्या आवाजात.

"च् च् च्," बाकावरचा मोर म्हणाला.

"माझ्या मेव्हण्याची डिझेल आहे," अण्णा म्हणाले. "पंधरा देते. डोळे मिटून पंधरा."

"कुठे असतात तुमचे मेव्हणे?"

"पलीकडच्या जंगलात."

पलीकडच्या जंगलातल्या मेव्हण्याला आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पण मोराने मान डोलावली, सशाने मान डोलावली. दौलूने अर्धा चहा तसाच ठेवला.

त्या दिवसापासून दौलूचं सुख संपलं. बातमी जंगलभर पसरली होती. ज्याला त्याला एकच विचारायचं असे. सशानेसुद्धा विचारलं. जो उभ्या जन्मात कुणाच्या मागे डबलसीटही बसला नव्हता, तो दौलूला म्हणाला, "भाऊ, सात म्हणजे फारच झालं हो."

दौलू गाडी चालवायला बसला, की त्याला रस्ता दिसेना. पेट्रोलचा काटाच दिसू लागला. काटा खाली सरकला की हा काचेवर टिचकी मारून बघे. पूर्वी तो स्टिअरिंगवर ताल धरून गाणी म्हणायचा. आता तो नुसता उसासे टाकायचा.

"अहो, झालंय काय तुम्हाला?" चांगुणाने विचारलं.

"आपली गाडी सात देते गं."

"काय सात?"

"ॲव्हरेज."

"पण ती चालते ना?"

"चालते. पण पेट्रोलवर चालते."

"मग कशावर चालायला हवी? मधावर?"

दौलूला बायकोचा राग आला. बायकांना यातलं काही कळत नाही, असं त्याला वाटलं. त्याला असं वाटतंय हे चांगुणाला लगेच कळलं. तिने त्याच्या पुढ्यात ताट जरा जोरात ठेवलं आणि ती मध गाळायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णाच दौलूचा हात धरून त्याला सर्जा मिस्त्रीकडे घेऊन गेले.

सर्जा म्हणजे वानर. वडाखाली त्याचं गॅरेज होतं. दुरुस्तीला आलेल्या गोष्टी वडाच्या पारंब्यांना टांगलेल्या असत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे मालक आता हयात नव्हते. मिस्त्रीने पिकअपचं बॉनेट उघडलं. आत बघितलं. मग त्याने दौलूकडे बघितलं. मग पुन्हा आत.

"कोणी बसवलं हे इंजिन?"

"कंपनीने."

"वाटलंच," मिस्त्री म्हणाला आणि बाजूला थुंकला.

"काही बिघडलंय का?" दौलूने घाबरत विचारलं.

"बिघडलेलं नाहीये, हाच तर घोळ आहे. बिघडलं असतं तर दुरुस्त केलं असतं. आता बदलावंच लागणार." मिस्त्रीने फांदीवरून खाली उडी मारली. "डिझेल टाकू. माझ्याकडे एक आहे. दरीत पडलेल्या जीपचं. एकदम कडक कंडिशन."

"मग जीप दरीत कशी पडली?"

"ड्रायव्हरची चूक. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं."

"बघ!" अण्णा म्हणाले. "शेवटपर्यंत!"

"पण महाराजांची मेजवानी आहे," दौलू म्हणाला. "त्याआधी गाडी मिळायला हवी."

"दोन दिवसांचं काम हो. जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार नट आवळायचे."

मुलांनो, मिस्त्रीचे दोन दिवस म्हणजे नेमके किती, हे मोठ्या मोठ्या ऋषींनाही सांगता आलेलं नाही. तुम्ही घरातल्या नळाचं काम निघेपर्यंत थांबा. कळेल.

दौलूसमोरच जुनं इंजिन बाहेर निघालं. साखळीला ते छोटंसं इंजिन लटकत होतं. त्याने कधी त्रास दिला नव्हता. तेल घातलं की गप्प बसायचं. दौलूला वाटलं, नको, परत बसवा. पण अण्णा शेजारी उभे होते आणि मोर बघायला आला होता. अशा वेळी 'नको' कसं म्हणायचं? मिस्त्रीच्या पोरांनी त्या इंजिनावर दगड मारून नेम धरायचा खेळ सुरू केला, तेव्हा दौलूने तोंड फिरवलं.

मग जीपचं डिझेल इंजिन आलं. त्याला चार रानगवे लागले उचलायला. ते पिकअपच्या पुढच्या खोक्यात बसेना.

"जरा कापावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

ते कापलं. इंजिन बसलं, पण बॉनेट बसेना. बॉनेटला भोक पाडलं. बॉनेट बसलं, पण गिअरबॉक्स नव्या इंजिनाला ओळख दाखवेना.

"गिअरबॉक्सही जीपचाच टाकू," मिस्त्री म्हणाला. "आता एवढं केलंच आहे तर."

"हो ना, आता एवढं केलंच आहे तर," अण्णा म्हणाले.

गिअरबॉक्स बसला, तशी गाडी पुढून गुडघे टेकून बसली. तिच्या स्प्रिंगांना एवढ्या ओझ्याची सवयच नव्हती. मग ट्रकच्या जाड पाट्या बसवल्या. पाट्यांनी गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाकली. मग चासीला खालून लोखंडी गर्डर जोडला. पुलाला घालतात तसला. डिझेल सुरू व्हायला मोठी बॅटरी हवी. मोठ्या बॅटरीला मोठी पेटी हवी. एवढं इंजिन थंड ठेवायला मोठा रेडिएटर हवा, त्यात भरपूर पाणी हवं. प्रत्येक वेळी दौलू विचारायचा, "आता झालं?" आणि प्रत्येक वेळी मिस्त्री तेच म्हणायचा, "आता एवढं केलंच आहे तर..."

हे वाक्य फार ताकदीचं आहे हं. या वाक्यावर राज्यं गेली आहेत. दौलूची तर पिकअप होती.

मधाच्या पोळ्यांचा हंगाम सरत आला. गाडी नाही म्हणून किरकोळ विक्री बंद पडली. चांगुणा एकटी मध गाळत राहिली, डबे भरत राहिली आणि अंगणात त्यांची रास लावत राहिली.

"अहो, मेजवानी जवळ आली," ती म्हणायची.

"दोन दिवस," दौलू म्हणायचा.

एकदाची गाडी उभी राहिली, तर वाहन कचेरी आडवी आली. तिथे कासवसाहेब होते. साहेब कधी घाई करत नसत. घाईने काम केलं की चुका होतात आणि कामही होतं, दोन्ही त्यांना नको होतं.

"कागदावर पेट्रोलची गाडी आहे," साहेब म्हणाले. "समोर डिझेलची उभी आहे. म्हणजे ही ती गाडी नव्हे."

"साहेब, तीच आहे. फक्त आतलं बदललं."

"मग ती पेट्रोलची गाडी कुठे गेली? चोरीला गेली का?"

"नाही हो! हीच ती!"

"मग ही कुठून आली? चोरून आणली का?"

दौलूचं डोकं गरगरायला लागलं. त्याला पहिल्यांदाच वाटलं, की आपली गाडी खरंच कुठेतरी गेली आहे आणि आपल्याला अजून कळलेलं नाही. अखेर अण्णांनी त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, की साहेबांना मध आवडतो. मधाने साहेबांचा गळा मोकळा झाला, दृष्टी सुधारली, आणि समोरची गाडी तीच आहे असं त्यांना स्वच्छ दिसू लागलं.

मग पूजा झाली. गाडीला हार घातला, लिंबू-मिरची बांधली, चाकापुढे नारळ फोडला. सगळं जंगल गोळा झालं होतं. दौलूने किल्ली अर्धी फिरवली. काही नाही. पुरी फिरवली. काही नाही.

"आधी तापू द्यायचं असतं," मिस्त्री म्हणाला. "डिझेल आहे. पेट्रोलसारखं उतावळं नाही."

सगळे थांबले. मग एकदम धडधड सुरू झाली! टपरीवरचे ग्लास फळीवरून चालत चालत खाली पडले. काळ्या धुराचा लोट निघाला आणि पांढरे बगळे होते ते कावळ्यांत जमा झाले. ससा तर जो पळाला, तो दोन डोंगर ओलांडून थांबला.

"आवाज बघा, आवाज!" अण्णा ओरडले. "याला म्हणतात ताकद!"

पण खरी परीक्षा बाटलीची. मिस्त्रीने डिझेलची लिटरची बाटली बॉनेटवर बांधली आणि तिची नळी इंजिनाला जोडली. बाटली संपेपर्यंत गाडी चालवायची आणि किती लांब गेली ते मोजायचं. गाडी निघाली. मागे अर्धं जंगल धावत निघालं. धापा टाकत परत आलं तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सोळा!" ते म्हणाले. "दौलू, सोळा दिलं रे तिने!"

गाडी रिकामी होती. रस्ता उताराचा होता. वारा मागून होता. पण सोळा ते सोळाच! दौलूने अण्णांना मिठी मारली, मिस्त्रीला मिठी मारली, मोरालाही मारली. टपरीवर सगळ्यांना त्याच्यातर्फे चहा झाला. कित्येक दिवसांनी तो गाणं म्हणत घरी आला. म्हणजे म्हणत असावा. इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

"सोळा," त्याने चांगुणाला सांगितलं.

"छान," ती म्हणाली. "उद्या मेजवानी आहे. डबे भरा."

सकाळी डबे भरले. पिकअप काठोकाठ भरली. मग केबिनमध्ये अण्णा येऊन बसले. "ॲव्हरेज कोण बघणार?" ते म्हणाले. त्यांच्या मांडीला मांडी लावून सर्जा मिस्त्री बसला. "वाटेत काही झालं तर?" तो म्हणाला. चांगुणा मागे डब्यांवर बसली. टपरीवरची सगळी मंडळी निरोप द्यायला ओढ्यापर्यंत आली.

ओढ्यावर लाकडी पूल होता. तो पाणमांजरांनी बांधला होता आणि म्हातारं पाणमांजर त्यावर राखणीला असे. दौलूची गाडी ते वर्षानुवर्षं बघत आलं होतं. आज गाडीची पुढची चाकं पुलावर आली आणि पूल असा काही कण्हला, की पाणमांजर धावत आडवं आलं.

"मागे घे! मागे घे!"

"अहो, दरवर्षीचीच गाडी आहे," दौलू म्हणाला.

"दरवर्षीच्या गाडीला हा पूल घाबरत नाही. तुझी भरलेली पेट्रोलची गाडी, एवढंच ओझं त्याला पेलतं. त्यावर एक डबा नाही. या नव्या इंजिनाचं, गर्डरचं, पाट्यांचं, त्या पेटीचं वजन किती? तेवढे डबे उतरव आणि जा."

डबे उतरवायला घेतले. एक उतरवला, दोन उतरवले. पाणमांजर नुसतं मान हलवत राहिलं. ते 'बास' म्हणालं तेव्हा अर्धी गाडी रिकामी झाली होती आणि अर्धा मध ओढ्याच्या अलीकडे जमिनीवर होता.

दौलू उतरवलेले डबे मोजत राहिला.

"हे बघा," चांगुणा हळूच म्हणाली. "सगळेच डबे उतरवू. आपण दोघं मिळून पुलापलीकडे वाहून नेऊ. गाडी मोकळी न्या आणि तिकडे परत भरू. दुपारच्या पंगतीला पोचतो आपण."

किती सोपं होतं ते! दौलूला ते पटलंसुद्धा. तो उतरायला लागला. एवढ्यात त्याने मागे बघितलं. मोर बघत होता. साळिंदर बघत होतं. सगळा नाका बघत होता. ज्या गाडीचा काल उदोउदो झाला, तिचा मालक आज हमालासारखा डबे वाहणार? आणि गाडी रिकामी मिरवत जाणार?

"गरज नाही," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "अर्धी खेप आत्ता नेतो. अर्धी मागून नेऊ. ॲव्हरेज दुप्पट आहे ना आपलं? दोन खेपा केल्या तरी डिझेल तेवढंच लागणार!"

"शाब्बास!" अण्णा खिडकीतून म्हणाले. "याला म्हणतात हिशेब!"

"अहो, पण पूर्वी एकच खेप लागायची," चांगुणा म्हणाली. "आणि एका दिवसात दोन होतात कुठे?"

तिचं बोलणं इंजिनाच्या धडधडीत बुडालं.

"दोघं खाली उतरलात तर आणखी दोन-चार डबे जातील," पाणमांजर अण्णांना म्हणालं. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुन्हा ते काढलं नाही.

डब्यांजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. चांगुणा थांबली. गाडी धूर सोडत पूल ओलांडून गेली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि ती चहाला परत गेली.

अर्ध्या ओझ्याने गाडी अशी पळाली म्हणता! अण्णा तर सारखे ओरडत होते, "आज सतरा देणार बघ!" पण दौलूचं लक्ष आरशात होतं. आरशात मागची रिकामी फळी दिसत होती. त्याला कसंतरीच वाटत होतं.

राजधानीत पंगती बसल्या होत्या. कारभारी कोल्हा दारातच उभा होता. त्याने गाडीत डोकावून पाहिलं.

"बाकीचा मागून येतोय का?"

"होय. म्हणजे... मागून आणतो."

"पंगती आता बसल्यात. तुम्ही कधी आणणार? विड्याच्या वेळी?"

पहिल्या दोन पंगतींना मध मिळाला. तिसऱ्या पंगतीत पाहुणे हत्ती होते. त्यांच्या पानावर वाटी आली आणि वाटीत काही आलं नाही. महाराजांनी ते पाहिलं आणि एक डरकाळी फोडली. काही पाहुणे न जेवताच उठले.

"मध कोणाचा?"

"दौलू अस्वलाचा," कारभारी म्हणाला.

"पुढच्या वर्षीपासून कोणाचा?"

"हिरामण रेड्याचा, महाराज. त्याची गाडी हळू येते, पण भरून येते."

"लिहून टाका."

संपलं. एवढ्यावर संपलं. वर्षभराची चूल डोळ्यांपुढे विझली. महाराजांच्या पायाशी लोळण घ्यावी, सांगावं की बायकोने एकटीने मध गाळलाय, एक संधी द्या, असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलंही.

पण महाराजांची नजर बाहेरच्या गाडीकडे गेली होती.

"ती धुरकट वस्तू तुझी का रे?"

"होय, महाराज."

"ॲव्हरेज किती देते?"

अण्णाच पुढे सरसावले. "सोळा, महाराज! आज तर सतरा. पूर्वी सात द्यायची. सगळं माझ्या मार्गदर्शनाखाली झालं."

"सातावरून सतरा?" महाराजांनी आयाळ झटकली. महाराजांचा रथ बारा सांबरं ओढत असत. सांबरांचं ॲव्हरेज महाराजांनी कधी काढलं नव्हतं, कारण जे दमेल ते जेवणाच्या उपयोगी पडे. "ऐका रे सगळ्यांनी! असा प्रजाजन हवा! याच्याकडून शिका!"

दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या हत्तींना मध मिळाला नव्हता त्यांनीही सोंड वर केली. महाराजांनी स्वतःच्या पंजाने दौलूच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. 'जंगलभूषण' अशी पदवी दिली. अण्णांना सल्लागार नेमलं आणि मिस्त्रीला राज्यातल्या सगळ्या गाड्यांची कंत्राटं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनाही इंजिन बदलण्याचा हुकूम झाला.

"महाराज," दौलू कसाबसा म्हणाला, "ऑर्डरचं काही..."

"ती रेड्याला दिली," महाराज प्रेमाने म्हणाले. "तुझ्यासारख्या मोठ्या माणसाने आता मध कशाला वाहायचा?"

परतीच्या वाटेवर अण्णा आणि मिस्त्री गप्पा मारत होते. ऊन उतरलं तेव्हा गाडी ओढ्याजवळ आली.

पुलाच्या राजधानीकडच्या बाजूला चांगुणा बसली होती. तिच्याभोवती मधाचे डबे होते. सगळे. दिवसभरात तिने एकटीने एकेक डबा डोक्यावर घेऊन पूल ओलांडला होता. केस घामाने चिकटले होते. गाडी दिसताच ती घाईघाईने उठली.

"आलात? चला, चटकन भरा. मी इकडे आणून ठेवलेत. संध्याकाळची पंगत तरी मिळेल की!"

दौलू खाली उतरला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"जेवणं झाली गं," तो म्हणाला.

"बरं. असू दे. अर्धा तर पोचला. पुढच्या वर्षीची ऑर्डर?"

"रेड्याला."

चांगुणा त्याच्या खांद्यावरच्या शालीकडे बघत राहिली.

"वहिनी, अभिनंदन!" अण्णा केबिनमधून म्हणाले. "दौलू आता जंगलभूषण आहे!"

दौलूला रडू फुटलं. एवढं मोठं अस्वल, पण पोरासारखं रडलं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "सकाळी तुझं ऐकलं असतं तर... लाजलो गं मी. त्यांच्यासमोर लाजलो."

चांगुणाने त्याचे डोळे पुसले नाहीत. ती दिवसभर दमली होती. तिने हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावरची शाल काढून घेतली. शाल चांगली जरीची होती. तिने ती दातांत धरून मधोमध फाडली. एका तुकड्याची गोल चुंबळ वळली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. दुसऱ्याची चुंबळ वळून दौलूच्या डोक्यावर ठेवली.

"उचला," ती म्हणाली. "हे डबे परत पलीकडे न्यायचेत. गाडीत नकोत, तिचं ॲव्हरेज उतरेल ना?"

दोघांनी डबे उचलले.

पुढे पुलावरून मोकळी पिकअप निघाली होती, मिस्त्री चालवत होता. मागून जंगलभूषण आणि त्यांची बायको डोक्यावर मध घेऊन धुरातून चालत होती. अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"दौलू!" ते आनंदाने ओरडले. "रिकामी तर अठरा देते रे!"

तात्पर्य, पाठ करायचं असेल त्यांनी पाठ करावं: जी गाडी निमूट ओझं वाहते तिला कुणी हार घालत नाही, आणि तिच्या मालकाला कुणी शाल देत नाही. तेव्हा मुलांनो, तुमच्या घरात एखादी गोष्ट कुरकुर न करता वर्षानुवर्षं चालू असेल, तर वेळ दवडू नका. आधी चार रिकामटेकड्यांना तिचं ॲव्हरेज सांगा आणि मग मिस्त्रीला बोलवा. मोठं होण्याचा तेवढा एकच मार्ग आहे. ओझं काय, ते वाहायला घरात कुणीतरी असतंच.